कांगाल : मेंढ्यांचा राखणदार कुत्रा

मेंढपाळाच्या धंद्यात चारा, पाणी आणि राखण या तीन गोष्टींवर सर्व नफानुकसान अवलंबून असते. पैकी चारा व पाणी यांची तजवीज दिवसा करता येते. राखणीचे काम मात्र मुख्यतः रात्रीचे. दिवसभर कळपामागे चालून दमलेला माणूस रात्रभर जागा राहू शकत नाही. म्हणून जगात जेथे जेथे मेंढीपालन रुजले, त्यांपैकी बहुतेक ठिकाणी मेंढपाळाने राखणीसाठी कुत्रा जवळ केला.

महाराष्ट्राच्या पठारावर लांडग्याचा वावर आजही आहे. पुणे, सोलापूर, सातारा, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील माळरानांवर वाडा घेऊन हिंडणाऱ्या धनगर बांधवांना त्याचा उपद्रव ठाऊक आहे. ऊसपट्ट्यात बिबट्याची भर पडली आहे. अशा स्थितीत मोबाईलवर एखाद्या अवाढव्य परदेशी कुत्र्याचे चित्र पाहून, असे एक पिलू विकत आणले तर कळप निर्धास्त होईल, असे पशुपालकास वाटणे स्वाभाविक आहे. पिलासाठी मोठी रक्कम मोजण्यापूर्वी तो ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचा सल्ला विचारतो. तो सल्ला नीट देता यावा, यासाठी या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध अशा कांगाल जातीची माहिती येथे दिली आहे. हा कुत्रा काय करतो, कसे करतो आणि ते करण्याची पात्रता त्याच्या अंगी कशी येते, हे समजले म्हणजे तो विकत घ्यावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते.

जातीचे मूळ स्थान

तुर्कस्तानात अनातोलिया नावाचे विस्तीर्ण पठार आहे. त्या पठारावरील सिवास प्रांतात कांगाल नावाचा तालुका व त्याच नावाचे गाव असून त्यावरून या जातीस नाव मिळाले. मराठीतील ‘कंगाल’ या शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. गावाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर आहे. हिवाळ्यात तेथे कडक थंडी व बर्फ असते. उन्हाळा कोरडा असतो व रात्री हवा थंड होते. शेती बेताची, कुरणे मात्र मोठी, त्यामुळे मेंढीपालन हा तेथील जुना व्यवसाय आहे. तेथील मेंढी आक्करामान जातीची, पांढऱ्या रंगाची व चरबीने जाड झालेल्या शेपटीची असते. या मेंढीच्या त्या भागातील एका प्रकारासही कांगाल हेच नाव आहे. मेंढी आणि तिचा राखणदार अशा रीतीने एकाच मातीत, एकाच नावाने वाढले.

तुर्कस्तानातील मेंढपाळ या कुत्र्यास ‘काराबाश’ म्हणजे काळ्या डोक्याचा असेही म्हणतात. पश्चिम तुर्कस्तानात ‘अकबाश’ म्हणजे पांढऱ्या डोक्याचा असा राखणदार कुत्र्याचा दुसरा प्रकार आहे. यांतील काही कुत्री विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड व अमेरिकेत गेली. तेथे ‘अनातोलियन मेंढपाळी कुत्रा’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या रंगांच्या कुत्र्यांची पैदास झाल्याने नावांविषयी पुष्कळ घोटाळा झाला. श्वानजातींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१८ मध्ये आपल्या नोंदीत कांगाल हे नाव स्वीकारले. तुर्कस्तानात ही जात राष्ट्रीय ठेवा मानली जाते व सिवास प्रांतातील उलाश येथील सरकारी शेतीक्षेत्रावर तिची शुद्ध पैदास केली जाते.

बांधा व ओळख

कांगाल हा मोठ्या बांध्याचा, रुंद छातीचा व मजबूत हाडाचा कुत्रा आहे. खांद्यापाशी नराची उंची सुमारे ७२ ते ७८ सेंटिमीटर व मादीची ६५ ते ७३ सेंटिमीटर असते. नराचे वजन साधारणतः ४८ ते ६० किलो व मादीचे ४० ते ५० किलो भरते. याहून पुष्कळ अधिक वजनाची जाहिरात करणारे विक्रेते आढळतात; परंतु कळपाबरोबर रोज मैलोगणती चालणाऱ्या जनावरास चरबीचा भार उपयोगी नसून अडचणीचाच असतो, हे लक्षात ठेवावे.

रंग फिकट पिवळसर तपकिरीपासून राखाडीपर्यंत असतो. तोंडाचा पुढील भाग व कान काळे असतात. केस आखूड पण दाट असून त्यांखाली मऊ लोकरीसारखा दुसरा थर असतो. हा थर थंडीपासून बचाव करतो व ऋतुमानाप्रमाणे झडतो. कुत्रा सावध झाला म्हणजे त्याची शेपूट पाठीवर वळते; स्वस्थ असता ती खाली लोंबते. दुरूनही शेपटीकडे पाहून कुत्र्याला काही चाहूल लागली आहे की नाही, हे मेंढपाळ ओळखतो.

लांडगा प्रथम गळा धरतो. म्हणून कामावरील कुत्र्याच्या गळ्यात बाहेरच्या बाजूस लांब लोखंडी खिळे असलेला पट्टा घालण्याची तेथे रीत आहे. कान कापण्याचीही जुनी चाल होती. तिचा उपयोग काही नाही व वेदना मात्र होतात. आपल्याकडे असे करणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचा भंग होईल.

राखणीची रीत

मेंढ्यांच्या कामाची कुत्री दोन प्रकारची असतात व हा भेद प्रथम समजून घेतला पाहिजे. एक प्रकार हाकणाऱ्या कुत्र्यांचा. इंग्लंड व स्कॉटलंडच्या सीमेवरील कॉली कुत्रा हे त्याचे उदाहरण होय. तो मेंढ्यांवर नजर रोखतो, दबा धरतो, पाठलाग करतो व धन्याच्या इशाऱ्याप्रमाणे कळप वळवितो. पाहू गेल्यास ही शिकारीचीच हालचाल आहे. फक्त शेवटचा चावा तेवढा निवडीने व शिकवणीने काढून टाकलेला आहे. म्हणूनच मेंढ्या त्याला पाहून बिचकतात व पुढे सरकतात.

दुसरा प्रकार राखणाऱ्या कुत्र्यांचा. कांगाल या प्रकारात मोडतो. तो मेंढ्या हाकीत नाही, त्यांच्यावर नजर रोखीत नाही व त्यांच्या पाठीही लागत नाही. तो कळपातच राहतो, कळपाबरोबर चालतो आणि कळपात झोपतो. मेंढ्या त्याला बिचकत नाहीत. उलट काही धोका वाटल्यास त्याच्या आडोशास गोळा होतात.

दिवसा हा कुत्रा सुस्त दिसतो. उंचवट्यावर बसून तो आसपास पाहत असतो. सांज झाली म्हणजे त्याचे काम सुरू होते. तो कळपाभोवती फेऱ्या घालतो, ठिकठिकाणी मूत्राच्या खुणा करून हद्द आखतो व काही हालचाल जाणवताच भुंकू लागतो. एवढ्याने शत्रू परतला नाही तर तो कळप व शत्रू यांच्यामध्ये जाऊन उभा राहतो. त्यानंतर अंगावर धावून जातो, आणि अगदी शेवटचा उपाय म्हणून झुंजतो. चांगला राखणदार पळणाऱ्या लांडग्याच्या मागे दूरवर जात नाही. थोडे अंतर पिटाळून तो कळपाकडे परत येतो; कारण एका लांडग्यामागे कुत्रा दूर गेला, तर दुसऱ्या बाजूने आलेल्या लांडग्यास कळप मोकळा सापडतो.

येथे कुत्र्याच्या आकाराचे खरे प्रयोजन ध्यानात येते. रानातील जनावरास जखम परवडत नाही. पाय दुखावलेल्या लांडग्यास शिकार करता येत नाही व त्याची उपासमार होते. म्हणून समोर मोठा, निर्भय व जोराने भुंकणारा कुत्रा दिसला की तो सहसा धोका न पत्करता दुसरीकडे वळतो. कुत्र्याने लांडगा मारावा ही अपेक्षा चुकीची आहे. ज्या रात्री झुंज न होता सर्व मेंढ्या सकाळी मोजणीत भरल्या, त्या रात्री कुत्र्याने आपले काम उत्तम केले, असे समजावे.

हा गुण येतो कोठून ?

मोठा देह, जबर जबडा व भारी आवाज ही वंशपरंपरेने मिळणारी साधने आहेत. त्यांचा उपयोग मेंढ्यांच्या रक्षणासाठी करावा ही बुद्धी मात्र केवळ रक्तातून येत नाही. ती पिलूपणी लावावी लागते. या जातीविषयी जाणून घेण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन १८३३ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतील आजच्या उरुग्वे देशात हिंडत होता. तेथे माणसापासून दूर, मोठ्या कळपाचे एकट्याने रक्षण करणारी कुत्री पाहून त्यास आश्चर्य वाटले. चौकशी करता त्यास कळले की, पिलू फार लहान असतानाच ते आईपासून वेगळे करून मेंढ्यांत ठेवतात, दिवसातून काही वेळा त्याला मेंढीचे दूध पाजतात, मेंढवाड्यातच त्याच्यासाठी लोकरीची गादी करतात व इतर कुत्र्यांशी आणि घरच्या मुलांशी त्याला मिसळू देत नाहीत. अशा रीतीने वाढलेला कुत्रा मेंढ्यांनाच आपले गणगोत मानू लागे.

या अनुभवामागील शास्त्र पुढे उलगडले. अमेरिकेतील जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी अनेक वर्षे कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास करून १९६५ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पिलाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो की, त्या काळात ज्यांचा सहवास घडेल त्यांना ते आपले मानते, असे त्यांना आढळून आले. ही मुदत संपल्यानंतर नवी जवळीक जडणे कठीण होत जाते. माणसांत वाढलेले पिलू माणसांचे होते. मेंढ्यांत वाढलेले मेंढ्यांचे होते. वर्षभर दाराशी साखळीने बांधलेला कुत्रा एके दिवशी कळपात सोडला, तर तो मेंढ्यांस पाहून भुंकेल, त्यांच्या मागे लागेल किंवा सरळ घरी परत येईल. त्यात त्याचा दोष नाही.

अमेरिकेत रेमंड व लोर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॅसॅच्युसेट्समधील हॅम्पशायर कॉलेजात या विषयावर मोठे काम उभारले. चांगल्या राखणदारात तीन गुण असावे लागतात, असे त्यांनी दाखवून दिले. पहिला गुण लक्ष : कळप हलला की कुत्रा त्याच्याबरोबर हलला पाहिजे. दुसरा भरवसा : त्याने मेंढ्यांस इजा करता कामा नये. तिसरा गुण रक्षण. पहिले दोन गुण नसतील, तर तिसऱ्याचा कळपाला काही उपयोग होत नाही. आपल्याकडे मोठा कुत्रा निवडताना केवळ तिसऱ्या गुणाकडेच पाहिले जाते, ही मुख्य उणीव होय.

निरनिराळ्या देशांतील अनुभव

अमेरिकेत हिंस्र पशूंचा नाश करण्यासाठी विषाचा सर्रास वापर होत असे. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या आदेशाने सरकारी जमिनीवर अशा विषांना बंदी झाली. त्यानंतर तेथील पशुपालक दुसरा उपाय शोधू लागले, आणि युरोप व तुर्कस्तानातील जुन्या राखणदार कुत्र्यांकडे त्यांचे लक्ष गेले.

आफ्रिकेतील नामिबिया देशात १९८० च्या दशकात पशुपालकांनी हजारो चित्ते मारले किंवा पकडून हलविले. यावर उपाय म्हणून चित्ता संवर्धन निधी या संस्थेने १९९४ पासून अनातोलियन जातीची पिले शेतकऱ्यांस देण्यास प्रारंभ केला. पिले लहानपणीच शेळ्यामेंढ्यांत सोडली जात व संस्थेचे कार्यकर्ते पुढेही त्यांची देखभाल पाहत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, माहिती देणाऱ्या शेतकऱ्यांपैकी ७३ टक्के शेतकऱ्यांनी कुत्रा आल्यापासून नुकसान मोठ्या प्रमाणात घटल्याचे सांगितले. सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील कुनो येथे जे पहिले आठ चित्ते आणले, ते याच देशातून आले होते. त्यांची जात तेथे टिकून राहिली, त्यात या कुत्र्यांचाही वाटा आहे.

आता याच्या जोडीला दुसरे दोन अनुभव पाहिले पाहिजेत. अमेरिकेतील नाव्हाहो आदिवासी हे जुने मेंढपाळ. त्यांची कुत्री कोणत्याही नामांकित जातीची नसतात. आपल्या गावठी कुत्र्यांप्रमाणेच ती मिश्र रक्ताची असतात. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही कुत्री कळपाची उत्तम राखण करतात असे आढळले. याचे कारण ती पिलूपणापासून मेंढ्यांच्या कोंडवाड्यात वाढविली जातात. नामिबियाच्या शेजारील बोत्स्वाना देशात स्थानिक त्स्वाना कुत्री व तुर्कस्तानी वंशाची मोठी कुत्री यांची तुलना करण्यात आली. तेव्हा स्थानिक कुत्री त्या उष्ण व कोरड्या प्रदेशातील सामान्य पशुपालकास अधिक सोयीची ठरली. त्यांना खर्च कमी लागतो व तेथील हवामान त्यांच्या अंगवळणी पडलेले असते.

या सर्व अनुभवांचे तात्पर्य एकच निघते. कांगाल ही श्रेष्ठ जात आहे यात शंका नाही. परंतु तिचे श्रेष्ठत्व ज्या रीतीने घडते, ती रीत जातीपेक्षा महत्त्वाची आहे, आणि ती रीत कोणत्याही मेंढपाळास आपल्या कुत्र्याच्या बाबतीत अवलंबिता येते.

महाराष्ट्रात ही जात आणावी काय ?

या प्रश्नाचा विचार चार बाजूंनी करावा लागतो.

पहिली बाजू खर्चाची. पन्नास किलो वजनाच्या काम करणाऱ्या कुत्र्यास दररोज दोन हजार ते अडीच हजार किलोकॅलरी इतके अन्न लागते. केवळ बाजरीच्या पिठाच्या हिशेबाने पाहिले, तरी हे पीठ रोज सहाशे ते सातशे ग्रॅम होते. आणि केवळ भाकरीवर त्याचे भागत नाही, प्रथिनांची जोडही द्यावी लागते. तुर्कस्तानात मेंढपाळ सातूचे पीठ गरम पाण्यात कालवून त्यास देतात व घरात उरलेले दूधदुभते त्यात मिसळतात. ज्याचा कळप चाळीस-पन्नास मेंढ्यांचा आहे, त्याने हा वर्षाचा हिशेब आधी कागदावर मांडावा.

दुसरी बाजू हवामानाची. ही जात कोरडा उन्हाळा सोसते, हे नामिबियातील अनुभवावरून दिसते. परंतु तेथेही सावली व पाणी यांची सोय ठेवावी लागते. दिवाळीनंतर अनेक वाडे कोकणात उतरतात. तेथील दमट हवेत दुहेरी केसांच्या कुत्र्यास त्वचेचे विकार व गोचिडांचा त्रास होण्याचा संभव अधिक आहे. मे महिन्यात तर पठारावरही दुपारी असा कुत्रा उन्हात चालविणे त्याच्या जिवावर बेतू शकते.

तिसरी बाजू शत्रूची. लांडग्यास मोठा कुत्रा भय घालू शकतो. बिबट्याची गोष्ट निराळी आहे. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेची तपासणी करून त्याच्या आहाराचा अभ्यास केला गेला. त्यात, वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा असल्याचे दिसून आले. कुत्रा हे बिबट्याचे भक्ष्य आहे. बिबट्याच्या टापूत कुत्र्यावर विसंबून न राहता रात्री वरून व बाजूंनी बंद असा मजबूत गोठा करणे हाच खरा उपाय होय. कुत्राही रात्री आतच असावा.

चौथी बाजू माणसांची व कायद्याची. कांगाल अनोळखी माणसाविषयी संशयी असतो. कळपात तो योग्य ठरतो; पण दाट वस्तीत, जेथे दिवसभर मुले व येणारेजाणारे असतात, तेथे साखळीला बांधलेला असा कुत्रा चिडखोर व धोकादायक होऊ शकतो. केंद्र शासनाच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने मार्च २०२४ मध्ये काही परदेशी जातींची विक्री, पैदास व पालन रोखण्याविषयी राज्यांना पत्र पाठविले होते. त्या यादीत कांगाल व अकबाश यांचीही नावे होती. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते पत्र रद्द ठरविले. कुत्र्यांच्या आयातीवरही निर्बंध आहेत. म्हणून कोणत्याही विक्रेत्यास पैसे देण्यापूर्वी लागू असलेल्या नियमांची चौकशी जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयात करणे आवश्यक आहे.

या चारही बाजू पाहता, आपल्याकडील सामान्य मेंढपाळास परदेशी पिलू विकत घेण्याचा सल्ला देता येत नाही. वाड्याबरोबर हिंडणारी, उन्हातान्हाला व थोड्या अन्नाला सरावलेली कुत्री त्याच्याजवळ आहेतच. त्यांतील चांगल्या मादीचे पिलू निवडून ते पुढील रीतीने वाढविल्यास खर्चात मोठी बचत होऊन राखण सुधारू शकते.

पिलू तयार करण्याची रीत

(१) निवड : कळपाबरोबर शांतपणे राहणाऱ्या, मेंढ्यांच्या मागे न लागणाऱ्या आईबापांचे पिलू निवडावे. शक्य तर मादी मेंढ्यांच्या वाघरीजवळच व्यालेली असावी, म्हणजे डोळे उघडल्यापासून पिलास मेंढ्यांचा वास व आवाज यांची सवय होते. सहा आठवड्यांच्या आत पिलू आईपासून तोडू नये. सात ते आठ आठवडे हे योग्य वय होय.

(२) मेंढ्यांचा सहवास : आठव्या आठवड्यापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत पिलू रात्रंदिवस मेंढ्यांच्या सहवासात ठेवावे. त्यासाठी वाघरीचा एक कोपरा वेगळा करून त्यात पाच-सहा कोकरे किंवा स्वभावाने गरीब अशा मेंढ्या ठेवाव्यात. नुकतीच व्यालेली मेंढी ठेवू नये. ती पिलास धडक देते व पिलू मेंढ्यांना कायमचे भिऊ लागते. एका बाजूस पिलापुरती फट असलेला आडोसा करावा, म्हणजे त्रास झाल्यास त्याला तेथे शिरता येईल. अन्नपाणी तेथेच द्यावे.

(३) माणसांशी संबंध : मेंढपाळाने रोज पिलाजवळ जावे, त्यास हाताळावे, गळ्यात पट्टा घालण्याची व हाकेला येण्याची सवय लावावी. ज्या कुत्र्याला धरता येत नाही त्याला लस टोचता येत नाही. मात्र मुलांनी त्याला खेळणे करू नये व घराच्या चुलीपाशी खाऊ घालू नये. नाही तर कळप सोडून ते चुलीपाशीच येऊन बसेल.

(४) कळपाबरोबर चालणे : चार ते पाच महिन्यांचे झाल्यावर प्रथम थोडा वेळ व पुढे दिवसभर त्यास कळपाबरोबर न्यावे. कळपात जुना, भरवशाचा कुत्रा असेल तर त्याच्या संगतीत पिलू लवकर तयार होते.

(५) अवखळपणाचा काळ : सहा महिन्यांपासून सुमारे सव्वा वर्षापर्यंत कुत्रा खेळकर असतो. तो कोकरांच्या मागे धावतो, मेंढ्यांचे कान चावतो, लोकर ओढतो. पुष्कळ मेंढपाळ याच वेळी कुत्रा निकामी समजून टाकून देतात व आधीचे सर्व श्रम वाया घालवितात. अशा वेळी जागच्या जागी दरडावून त्यास रोखावे. मारहाण करू नये. खोडी चालूच राहिल्यास, ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणे बांधतात त्याप्रमाणे पट्ट्याला गुडघ्यापर्यंत लोंबणारे हलके लाकूड काही दिवस बांधावे. चालता येते, पण धावता येत नाही. आणि खोडी हळूहळू सुटते. या काळात विण्यास झालेल्या मेंढ्यांजवळ त्यास एकटे सोडू नये.

(६) भरवसा : दीड ते दोन वर्षांनंतरच कुत्रा पूर्ण भरवशाचा समजावा. पैदास करावयाची नसेल, तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने योग्य वयात नसबंदी करून घ्यावी. त्यामुळे कुत्रा भटकत नाही व कळपापाशी टिकतो.

आरोग्याची काळजी

पिलू मोठ्या बांध्याचे असेल, तर ते झपाट्याने फुगविण्याचा मोह टाळावा. जादा अन्न व वरून चुन्याच्या गोळ्या दिल्याने हाडे बळकट न होता सांध्यांत दोष उत्पन्न होतात. पोटभर खाल्ल्याबरोबर मोठ्या कुत्र्यास पळवू नये. पोट फुगून पीळ पडण्याचा व काही तासांत मृत्यू ओढवण्याचा धोका असतो. म्हणून दिवसाचे अन्न दोन वेळा विभागून द्यावे.

पिसाळ रोगाची प्रतिबंधक लस वयाच्या तिसऱ्या महिन्यात टोचून घ्यावी व पुढे पशुवैद्यकाच्या सांगण्याप्रमाणे दरवर्षी टोचावी. राखणदार कुत्र्याचा रानातील जनावरांशी सामना होतो, म्हणून त्याच्या बाबतीत हयगय करणे म्हणजे सर्व वाड्याचा जीव धोक्यात घालणे होय. इतर साथीच्या रोगांच्या लसीही वेळेवर द्याव्यात. अशा रोगांची लागण कुत्र्यापासून लांडग्यासही होते.

दुसरी महत्त्वाची बाब जंतांची. मेलेल्या किंवा कापलेल्या मेंढीचे डोके, यकृत, फुप्फुसे ही कुत्र्यास कच्ची टाकण्याची चाल सर्वत्र आहे. त्यांत जंतांच्या गाठी असतात. कुत्र्याच्या पोटात त्यांचे जंत होऊन अंडी विष्ठेवाटे चाऱ्यावर पडतात व पुन्हा मेंढीच्या पोटात जातात. एका प्रकारच्या जंतामुळे मेंढीच्या मेंदूत पाण्याची गाठ होते व ती एकाच जागी गोल फिरू लागते. दुसऱ्या प्रकारामुळे माणसाच्याही यकृतात व फुप्फुसात मोठ्या गाठी होतात आणि त्या शस्त्रक्रियेने काढाव्या लागतात. म्हणून असे अवयव खोल पुरावेत किंवा चांगले शिजवून मगच द्यावेत, आणि कुत्र्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठराविक मुदतीने जंतनाशक औषध द्यावे. कुत्र्यास हाताळल्यानंतर हात धुण्याची सवय मुलांना लावावी.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

लांडगा व बिबट्या या दोहोंस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे. मेलेल्या मेंढीत विष घालून ठेवणे हा गुन्हा आहे. शिवाय ते विष खाऊन आपलीच कुत्री व गावची गिधाडे मरतात. वन्य पशूने जनावर मारल्यास वनविभागाकडून भरपाई मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी मेलेले जनावर न हलविता वनकर्मचाऱ्यांस तत्काळ कळवून पंचनामा करून घेण्यास मेंढपाळांना साहाय्य करावे.

गावात किंवा वाड्यावर राखणीच्या कुत्र्याविषयी विचारणा झाल्यास पिलाची किंमत व जात यांच्या आधी पुढील प्रश्न विचारावेत. कळप किती मोठा आहे ? रात्री कोठे बसतो ? त्रास लांडग्याचा की बिबट्याचा ? पिलू मेंढ्यांत ठेवण्यास कोणी जबाबदार माणूस आहे काय ? दोन वर्षे धीर धरण्याची तयारी आहे काय ? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर वाड्यावरील गावठी पिलूही उत्तम राखणदार होऊ शकेल. ती तशी नसतील तर सिवासहून आणलेला कांगालही दाराशी बांधलेला एक खादाड कुत्रा ठरेल, आणि मेंढ्या पूर्वीप्रमाणेच उघड्यावर राहतील.